मायाप्पा वर आहे

सोमवार, ३ मार्च २०२५

शेवटी एकदाची कायम नोकरीची ऑर्डर हातात पडली. सहा वर्षं कंत्राटावर काढली, त्यातली दोन नुसती 'पुढच्या महिन्यात नक्की' या आश्वासनावर. आजपासून मी, उत्कर्षा, अक्कलकोट तालुक्यातल्या कोनूरगी सबस्टेशनची ऑपरेटर. आई नवी पेठेतल्या दुकानदारांना सांगत सुटली आहे की पोरगी लाईटच्या ऑफिसात लागली. दोघा-तिघांनी लगेच निरोपही धाडला, की आता आमचं बिल जरा कमी करा म्हणावं. युनिटचा दर मीच ठरवते असा बहुतेक सगळ्यांचा समज झालाय.

गाव लहान आहे, अर्धं मराठी बोलतं, अर्धं कन्नड. एका मास्तरांच्या घरात खोली मिळाली, तिथून सबस्टेशन चालत दहा मिनिटं. कुंपण, खडी, एक कडुनिंब, सतत गुणगुणणारा मोठा ट्रान्सफॉर्मर आणि कंट्रोल रूम. कंट्रोल रूममधला कूलर बंद आहे. विजेच्या घरी कूलर बंद, म्हणून मी हसले, पण चार्ज देणारे आबासाहेब हसले नाहीत. ते मूळचे माढ्याचे, पुढच्या वर्षी निवृत्त होणार. दिवसपाळी माझी, दुपारी चारनंतर त्यांची, रात्री तिसरा माणूस.

फीडर, म्हणजे इथून बाहेर जाणाऱ्या लाईनी, एकूण चार. एक नंबर गावठाणाचा, दोन आणि तीन शेतीचे. चार नंबर बंद, त्याच्या स्विचवर लाल पाटी: 'माणसं लाईनवर आहेत.'

आबासाहेबांनी पाळीची नोंदवही पुढे केली आणि पहिली ओळ लिहायला सांगितली: 'फीडर ४ परमिटवर. मायाप्पा वर आहे.' मी लिहिली. मग मागची पानं चाळली. रोज, प्रत्येक पाळीला तीच ओळ. कधीपासून म्हणून विचारलं तर बारा वर्षं म्हणाले. मला वाटलं नव्या माणसाची गंमत करतायत. बघू. बाकी जागा छान आहे, कडुनिंबाखाली डबा खाल्ला.

मंगळवार, ११ मार्च

परमिटची पद्धत इथे लिहून ठेवते, म्हणजे माझा राग का आहे ते नंतर वाचताना कळेल. लाईनमन तारेवर काम करायला चढणार असला की आधी आमच्याकडून परमिट घेतो. आम्ही लाईन बंद करतो, त्याचं नाव वहीत लिहितो. तो वर गेला की तारेला अर्थिंगची साखळी लावतो, म्हणजे चुकून वीज आलीच तर जमिनीत जाईल. काम संपलं की तो स्वतः सांगतो: माणसं उतरली, साहित्य उतरलं, अर्थिंग काढलं. ते ऐकल्याशिवाय स्विचला हात लावायचा नाही. ज्यानं परमिट घेतलं त्यानंच ते परत करायचं, दुसऱ्या कुणी नाही. चांगला नियम आहे.

पण चार नंबरचं परमिट ज्यानं घेतलं तो मायाप्पा मेलाय. बारा वर्षांपूर्वी, त्याच लाईनवर, एकेचाळीस नंबरच्या खांबावर. आता मेलेला माणूस येऊन परमिट कसं परत करणार? आणि ते परत होत नाही म्हणून चार नंबर सुरू करता येत नाही. म्हणून त्याच्यावरच्या सगळ्या मोटारी तीन नंबरवर जोडल्यात. म्हणून भार न पेलून तीन नंबर दिवसातून आठ वेळा बसतो, म्हणजे आपोआप बंद पडतो. आणि आठही वेळा शिव्या मला.

आज एकट्या सकाळी सदतीस फोन आले. कुणाची मोटार जळली, कुणाची भेंडी करपली. एक आजोबा म्हणाले, दर वाढवताना तुमची लाईट बरोबर येती. 

लाईनमन शरणबसव तेवढे शहाणे निघाले. पन्नाशीचे, कमी बोलणारे. गाव त्यांना शरणअण्णा म्हणतं, मीही म्हणायला लागले. घर शेतातल्या वस्तीवर, तीन नंबरच्याच लाईनवर; एकच मुलगी, रेश्मा, ती बारावीची परीक्षा देतेय. दुपारी आले की लोटाभर पाणी पितात आणि फोनवर ओरडणाऱ्या माणसाला माझ्या हातातून घेऊन कन्नडमध्ये गप्प करतात. खांबावर चढण्याआधी माझ्याकडे एकदा बघून मान हलवतात. म्हणजे आता तुमच्या भरवशावर. मला पहिल्यांदा जरा लाज वाटली, एवढा मोठा माणूस माझ्या शब्दावर चढतो म्हणून.

सोमवार, १७ मार्च

डोकं फिरायची वेळ आलीय. कुंपणापलीकडे खासगी कंपनीचा सौर प्रकल्प जानेवारीपासून तयार उभा आहे. शेतीला दिवसा वीज द्यायची म्हणून. काचा चकाकतायत, ऊन मरणाचं पडतंय, आणि वीज शून्य. कारण कागदावर तो प्रकल्प चार नंबरला जोडायचाय आणि चार नंबरवर मायाप्पा वर आहे! दोनला किंवा तीनला जोडा म्हटलं तर नवा नकाशा, नवी मंजुरी, सहा महिने.

उपविभागाला तीन अर्ज केले. पहिल्याला उत्तर आलं की विषय जुना आहे. दुसऱ्याला, की संबंधितानेच परमिट परत करावे असा नियम आहे. तिसऱ्याला उत्तरच नाही.

आज आबासाहेबांना जाऊन धरलं. तेव्हा बोलले. एप्रिलचा महिना होता, दुपार. मायाप्पा तुटलेला जंपर, म्हणजे खांबावर दोन तारा जोडणारा तुकडा, बांधायला चढला होता. सबस्टेशनला फोनवर फोन, बाहेर पंचवीस-तीस माणसं जमलेली, पिकं वाळतायत म्हणून आरडाओरडा. मायाप्पाचा फोन लागेना. आबासाहेबांना वाटलं एव्हाना उतरला असेल. त्यांनी लाईन दिली.

चौकशीत कुणाच्या तरी जनरेटरची वीज उलटी लाईनवर आली असं दाखवून सगळं त्यावर ढकललं गेलं. परमिट रद्द करायची सही मात्र एकाही साहेबानं केली नाही, कारण ती केली असती तर परमिट चालू असताना लाईन दिली हे लेखी आलं असतं. म्हणून ते तसंच चालू ठेवलं. आबासाहेब म्हणाले की ती ओळ रोज लिहिणं एवढीच आपल्या हातातली शिक्षा. मला वाईट वाटलं, पण सगळं गाव या माणसाच्या पश्चात्तापासाठी अंधारात का राहावं, हेही वाटलं.

एक गोष्ट विचित्र. बारा वर्षं मेलेली लाईन, मैलोन्‌मैल ॲल्युमिनियमची तार, आणि एक हातभरसुद्धा चोरीला गेली नाही.

गुरुवार, २७ मार्च

उपविभागाच्या साहेबांचा फोन आला. सौर कंपनीनं वरपर्यंत तक्रार केलीय, तेव्हा आजच्या आज हा विषय तुमच्या पातळीवर मिटवा. म्हणजे काय करू म्हटलं तर म्हणाले, अहो मॅडम, परमिटबुकात दोन ओळी लिहा आणि सही ठोका. लेखी आदेश मागितला तर रेंज गेली.

मी लिहिलं. कपाटातून २०१३ चं परमिटबुक काढलं, मायाप्पाच्या नावापुढे कोरी राहिलेली जागा भरली. माणसं उतरली. साहित्य उतरलं. अर्थिंग काढलं. खाली त्याच्या नावाची सही, माझ्या हातानं.

शरणअण्णा दारात उभे होते. ते पहिल्यांदाच आडवे आले. म्हणाले, "मॅडम, वर हाय म्हणून लिवलेला माणूस खाली आला, असं आपुन कसं लिवायचं? त्यानं सोता सांगायला पायजे की."

मी चिडलेच. बारा वर्षं सगळ्यांनी हेच केलं, म्हणून मीही करू का? रेश्मानं परीक्षेचा अभ्यास मोबाईलच्या उजेडात केला ते चाललं का, असंही बोलून गेले. ते दारातून बाजूला झाले. लाल पाटी मी स्वतः काढली.

शनिवार, २९ मार्च

शरणअण्णांनी दोन दिवसांत सगळी लाईन तपासली, झाडं तोडली, आणि आज अकरा वाजता चार नंबर चालू! एकदाही बसला नाही. दुपारी सौरची वीज भरभरून आली, तीन नंबरचा भार निम्म्यावर आला. दिवसभरात फोन फक्त दोन, तेही आभाराचे. एकानं कलिंगड आणून दिलं. साहेबांनीही फोन करून शाबासकी दिली, आता रेंज होती.

पाळीच्या वहीत ती ओळ लिहिली नाही. चारला आबासाहेब आले, पान बघितलं आणि वही मिटून ठेवली. मला विजयी वाटत होतं, खोटं कशाला लिहू.

मंगळवार, १ एप्रिल

चार नंबरवर एक पिन इन्सुलेटर, तार खांबावर धरून ठेवणारा चिनी मातीचा तुकडा, फुटला. शरणअण्णा परमिट घेऊन गेले. पावणेएकला त्यांचा फोन. त्यांचंच नाव, त्यांचाच आवाज. माणसं उतरली, साहित्य उतरलं, अर्थिंग काढलं. लाईन द्या.

इथे परमिट फोनवरच परत घेतात, जायला-यायला वेळ जातो म्हणून. सगळेच तसं करतात. मी उठले, स्विचपाशी गेले, हात ठेवला. मग काहीतरी राहिल्यासारखं वाटलं. शरणअण्णा शेवटी नेहमी 'मॅडम' म्हणतात. आज म्हणाले नाहीत. एवढ्यावरून मी थांबले, आणि स्वतःवरच हसत परत फोन लावला.

ते वर होते. अजून खांबावर होते. म्हणाले, वीस मिनिटं तरी लागतील, मॅडम, का हो?

संध्याकाळी दोघांचे फोन शेजारी ठेवून बघितले. माझ्या फोनमध्ये त्यांचा पावणेएकचा कॉल आहे. त्यांच्या फोनमध्ये नाही.



बुधवार, २ एप्रिल

आजपासून फोनवर परमिट बंद. माणूस स्वतः येईल, चिठ्ठी देईल, तरच लाईन. फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं.

परिणाम असा की प्रत्येक कामाला तासभर जास्त लागतो आणि फोन पुन्हा सदतीसवर. गाव म्हणतं, बाई माजली. सौर कंपनीचा माणूस येऊन सांगून गेला की तासातासाला त्यांची वीज वाया जातेय. साहेबांनी खुलासा मागितलाय: परमिटचा कालावधी का वाढला? काय खुलासा देऊ? की फोनवर जो बोलला तो—

शरणअण्णांना सगळं सांगितलं. त्यांनी पाण्याचा लोटा रिकामा करून ठेवला. मग म्हणाले, "तुमी वरची जागा मोकळी केली, मॅडम. आता तितं दुसरं कोनतरी पायजे." त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्याचंच जास्त लागलं.

शुक्रवार, ४ एप्रिल

नीट लिहायचंय. क्रमानं.

शरणअण्णा साडेअकराला चार नंबरचं परमिट घेऊन गेले. साडेबाराला परत आले. हेल्मेट, तोंडाला उन्हाचा टॉवेल गुंडाळलेला, त्यांचाच खाकी शर्ट. चिठ्ठी टेबलावर ठेवली. माणसं उतरली, साहित्य उतरलं, अर्थिंग काढलं. लाईन द्या, मॅडम.

मॅडम म्हणाले. या वेळी म्हणाले.

बाहेर एकेचाळीस डिग्री. शर्टावर घामाचा एक डाग नाही. मी लोटा पुढे केला. घेतला नाही. सकाळीच ते रेश्माला ताप आहे म्हणाले होते, म्हणून विचारलं, ताप उतरला का? नुसते उभे. टॉवेलच्या फटीतून बघत होते, आणि माझ्याकडे नाही, स्विचकडे.

मग फोन वाजला. स्क्रीनवर शरणअण्णा. पान्हा घसरून खाली पडलाय, मॅडम, अजून अर्धा तास धरा.

मान वर केली तर खोलीत कुणी नाही. शरणअण्णा साडेअकराला गेल्यावर दाराला आतून मीच लावलेली कडी तशीच, म्हणजे तो आत आलाच कुठून?

चिठ्ठी टेबलावरच होती. पिवळी पडलेली, घडीवर फाटलेली. तारीख १७ एप्रिल २०१३.

शनिवार, ५ एप्रिल

साहेबांकडे गेले. म्हटलं, मला ती ओळ परत लिहू द्या. मायाप्पाच्या नावानं परमिट परत उघडून द्या, चार नंबर बंद करा.

म्हणाले, मयत माणसाला परमिट देता येत नाही.

मयत माणसाचं बंद करता येतं, पण त्याला देता येत नाही! टेबलावर डोकं आपटावंसं वाटलं. आजारी असाल तर रजा घ्या म्हणाले. रजेवर गेले तर इथे कोण बसणार? बदली ऑपरेटरला शरणअण्णा मॅडम म्हणतात की साहेब, एवढं शिकून मायाप्पा पुन्हा येईल.

तरी वहीत लिहिलं. 'मायाप्पा वर आहे.' तीनदा लिहिलं.

रविवार, ६ एप्रिल

तिन्ही ओळींपुढे कुणीतरी लिहिलंय: 'उतरलो.'

अक्षर माझं आहे. त्या दिवशी त्याची सही करताना जसं वाकडं काढलं होतं, तसं.

सोमवार, ७ एप्रिल

शरणअण्णांना हात जोडले. चार नंबरवर चढू नका. बदली मागा, आजारी पडा, काहीही करा. म्हणाले, मी नाही चढलो तर शेजारच्या सेक्शनचा कुणीतरी चढेल, त्याला तर काहीच माहीत नाही. बरोबर आहे. तेच तर—

हे मी केलंय. दुसऱ्या कुणी नाही. दोन ओळी आणि एक सही.

जेवण जात नाही. आईचा फोन उचलला नाही. आवाज आईचाच असेल कशावरून?

मंगळवार, ८ एप्रिल. सकाळी

पहाटे वारं सुटलं होतं. एकेचाळीस नंबरवर तार तुटली. चार नंबर पूर्ण बंद. आठपासून फाटकावर माणसं. साहेब फोनवर ओरडतायत. शरणअण्णा कामाचं सामान गाडीला बांधतायत.

ठरवलं. मी कंट्रोल रूममध्ये बसणारच नाही. आबासाहेबांना बोलावून घेतलंय, ते बसतील. मी खांबाखाली जाऊन बसणार, डोळ्यांनी बघणार. आबासाहेबांना बजावलं, मी स्वतः परत येऊन समोर उभी राहून सांगेन तेव्हाच लाईन. फोन नाही, चिठ्ठी नाही, शरणअण्णा आले तरी नाही. फक्त मी. त्यांनी देवाची शपथ घेतली. म्हणाले, ताई, एकदा चुकलोय, परत न्हाय.

दुपारी, खांब ४१

सावली नाही. मोटरसायकलला टेकून बसलेय, मांडीवर ही वही. काही करायचं नाही म्हणून लिहितेय. शरणअण्णा वर आहेत. दिसतायत. कमरेला पट्टा, तारेवर अर्थिंगची साखळी, सगळं जिथल्या तिथे. वर जाताना माझ्याकडे बघून मान हलवली. बऱ्याच दिवसांनी बरं वाटतंय. इथे कुणी खोटं बोलू शकत नाही, माझ्या डोळ्यांसमोर आहे सगळं.

१२.२० — नवी तार ओढून झाली. आता जंपर.

१२.३५ — फाटकावरच्या माणसांचे फोनवर फोन येतायत मला. ओरडू देत.

१२.४० — साखळी तारेवर नाही. आत्ता होती. गवतात पडलीय, माझ्यापासून चार हातांवर, नीट गुंडाळून ठेवल्यासारखी. शरणअण्णांनी काढली नाही, ते पाठमोरे आहेत. मीही नाही. वर ओरडून सांगितलं, वाऱ्यात ऐकू जात नाही, त्यांचा फोन खाली पिशवीत—

आबासाहेबांना फोन लावते. स्विचला हात लावू नका म्हणून.

उचलला. मी म्हटलं, आबासाहेब, मी उत्कर्षा, अजून माणूस वर आहे.

ते हसले. "फोन कशाला करताय, ताई? तुमी माझ्यासमोर उभ्या हाय की. सही पण झाली."

नाही म्हणून ओरडले. फोन त्यांनी टेबलावर ठेवलाय, कट केलेला नाही, सगळं ऐकू येतंय. खुर्ची सरकल्याचं. आणि एक बाई, माझ्या आवाजात, द्या आता म्हण—

शरणअण्णा. शरणअण्णा उतरा. हात हलवतेय, दगड मारला खांबाला, आता बघितलं त्यांनी, बघितलं खाली, हसतायत. त्यांना वाटतंय मी जेवायला बोलावतेय. दोन बोटं दाखवतायत. दोन मिनिटं, म्ह—